चुलीतल्या करवंट्या

१७ ऑगस्ट १९५७

डॉक्टर खोटं बोलले. मला कळतं. इतकी वर्षं पोरं शिकवली, खोटं बोलणारा मला दारातूनच ओळखू येतो.

"प्रेशर थोडं वाढलंय," म्हणे. थोडं! थोडं असतं तर आकडा सांगितला असता की. दोनदा विचारलं — किती? तर म्हणतात, "आकड्याचं तुम्ही काय करणार गुरुजी? ते आमच्यावर सोडा." काय करणार म्हणजे? हिंगणीच्या शाळेत गणित मीच शिकवतो!

सोमवारी तिसरीच्या वर्गात फळ्यावर बेरजा लिहीत होतो. ओठावर ओलं लागलं. घाम समजून पुसलं तर हात लाल. नाकाचा घोळणा फुटला होता. लहानपणी उन्हात फुटायचा तसा नाही — धारच लागली! सदरा, धोतर, हातातला खडू, सगळं रक्तानं माखलं. मग फळा गरकन फिरला आणि मी खाली. शुद्धीवर आलो तो हेडमास्तर अण्णाजींच्या टेबलावर. तिथून वस्तीतल्या तानबाच्या बैलबंडीत घालून सेलूला, सेलूहून मोटारीनं वर्ध्याला. दवाखान्यात ठेवून घेतलं. दंडाला पट्टा बांधायचे, रबरी फुगा दाबायचे, पारा वर चढायचा, आणि डॉक्टर नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ अजून मला कोणी सांगितला नाही.

आज घरी सोडलं. मीठ बंद. सर्पगंधाच्या गोळ्या. संतापायचं नाही. चिंता करायची नाही. चिंता करू नका — हे काय माणसाला सांगायचं झालं!

आणि निघताना? बायकोला, मीराला, व्हरांड्यात बाजूला घेतलं. चांगला वेळ बोलत होते. ती मान हलवत होती. बंडीत विचारलं, काय सांगितलं?

"मीठ कमी घालाचं सांगतलं."

एवढा वेळ मीठच?

१९ ऑगस्ट

अळणी वरण. अळणी भाजी. भाकरीसुद्धा अळणी. बायको समोर बसून मी खातो की नाही ते बघते. पूर्वी अशी कधी बसली नव्हती.

नाडी बघायची नाही, असंही डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असणार.

२० ऑगस्ट

वस्तीच्या तोंडी घोळण्याची रक्ताची उलटी झाली! विहिरीवरून बातमी आली. मनकर्णाबाई — आमची शेजारीण — भांडं घासता घासता हिला म्हणाली, "गुरुजींनी रक्त वकलं म्हन्ते ना वो बाई? मातामाय कोपली का मानूस रक्तच वकते." मी आत होतो. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. ही काही बोलली नाही. निदान म्हणायचं होतंस की — नाक फुटलं होतं, नाक!

कोण काय बोलतं याची पर्वा मी कधी केली नाही. पण हे वेगळं आहे. मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आम्ही सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव मानणार नाही अशी हात वर करून शपथ घेतली. परत आल्यावर घरोघरी कोण फिरलं? मी. आता घरात देव ठेवायचे नाहीत, हे एकेकाला समजावून कोणी सांगितलं? मी. एका धोतरात सगळ्या घरांतले टाक, मूर्ती, तसबिरी बांधल्या आणि ते गाठोडं बोर नदीच्या डोहात सोडलं. तानबाचे तर त्याच्या आज्याचे चांदीचे टाक होते. सोडताना म्हाताऱ्यानं गाठोड्यावर हात ठेवला. म्हणाला, "गुरुजी, काई होनार तं नाई ना?"

मी सगळ्यांदेखत छाती ठोकून म्हणालो, "काही व्हायचंच असलं तर आधी मला होईल!"

आता झालं.

म्हणजे मी मेलो तर नुसता मी मरणार नाही. प्रेमदास गुरुजी मेला, मातामायनं नेला, असं होईल. दुसऱ्याच दिवशी वस्ती नारळ घेऊन लिंबाखालच्या देवीच्या ठाण्यावर जाईल. वर्षभराचं सगळं पाण्यात. तेव्हा मला मरायची सोयच नाही. आणि छातीत तर सकाळपासून काहीतरी हलतंय.

२१ ऑगस्ट

उशीला डावा कान लावला की धडधड ऐकू येते. उजव्या कानानंही तीच.

२५ ऑगस्ट

पोळा. बैल सजले, पोरं नाचली. मी ओट्यावर बसून बघितलं, उन्हात जायचं नाही ना.

तानबा आला. शिंगं रंगवून हात निळे. समोर उकिडवा बसला आणि मला निरखायला लागला, बाजारात बैल घेताना निरखतो तसा. डोळे बघितले. नखं बघितली!

"गुरुजी, तुमी ठीक आहा ना?"

"ठीक आहे."

"नाई, तसं नाई. अंदरून बरं वाट्टे ना?"

"अरे वाटतं ना बाबा!"

"जेवन जाते?"

त्याच्या पोटात काय आहे? मी मरतो की जगतो यावर याचं पुढचं ठरणार आहे, दुसरं काय. चांदीचे टाक गेलेत त्याचे. मी ताठ बसलो. आवाज मोठा काढला. तो गेल्यावर अर्धा तास आडवा पडून राहिलो.

खरं लिहितो — दुपारी लोणच्याच्या बरणीतून एक फोड काढून खाल्ली. मीठ! जिभेला आलेलं सुख काय सांगू. मग संध्याकाळपर्यंत कानशिलं ठणकताहेत असं वाटत होतं. ठणकत होती का? कोण जाणे.

२९ ऑगस्ट

अर्धी रजा घेऊन लवकर घरी आलो. कडी लावलेली. ही घरात नाही! दुपारच्या टळटळीत उन्हात जाते कुठे?

बऱ्याच वेळानं आली. लिंबाच्या बाजूनं आली. तिकडे काय आहे? मातामायचं ठाणं आहे, आणि दुसरं काही नाही.

"कुठे गेली होतीस?"

"शेन्या आनाले."

टोपलं रिकामं! एक शेणी नाही त्यात. मी टोपल्याकडे बघितलं, तिनंही बघितलं. मग आत जाऊन चूल फुंकायला लागली.

माझ्याशी खोटं बोलायची तिला सवय नाही. म्हणून तर तेही धड जमलं नाही.

३१ ऑगस्ट

मी आत आलो की बोलणं थांबतं. मनकर्णाबाई आणि ही कुडाशी उभ्या होत्या. मनकर्णाबाईनं पदराखाली काहीतरी झाकलं. "येतो मी," म्हणून सटकलीच.

डॉक्टरांनी हिला काय सांगितलंय ते सगळ्या वस्तीला माहीत आहे. मला सोडून.

२ सप्टेंबर

करवंटी!

चुलीत होती. अर्धी जळलेली. पावसात भिजून आलो, हात शेकायला म्हणून बसलो आणि दिसली. आमच्या घरात नारळ आलाच नाही. मागच्या दसऱ्यापासून वस्तीत कोणी नारळ घेतलेला मला माहीत नाही. आपल्याकडे काय कोकण आहे का, रोज नारळ खायला? नारळ यायचा तो देवासाठीच. देव गेले, नारळ गेला.

चिमट्यानं बाहेर काढून हिच्यापुढे धरली. "हे काय?"

"करोटी."

"ते दिसतंय मला. आली कुठून?"

"मनकर्णाबाईनं देल्ली. जाळाले."

"आणि आतलं खोबरं?"

"तिनंच खाल्लं असन."

एवढं बोलून भाकरी थापायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता सगळं जुळतं. दुपारचं जाणं, लिंबाची वाट, रिकामं टोपलं, कुजबुज. ही माझ्यासाठी मातामायला नारळ फोडते आहे! माझी बायको! ज्यानं वस्तीचे देव डोहात सोडले त्याची बायको!

मग एक झालं. ते लिहू की नको? लिहितो, वाचणार कोण आहे. संतापाच्या आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. कोणीतरी तिकडेही आपलं बघतंय, असं. छाती हलकी झाली.

शी! हेच तर सगळ्यात वाईट आहे.

३ सप्टेंबर

वरणात खोबरं आहे का ते बोटानं चाचपून बघितलं. प्रसाद आजाऱ्याच्या पोटात गेला पाहिजे, हा नियम मला काय माहीत नाही? लहानपणी मीही खाल्लाय. आजपासून कोरडी भाकरी आणि कांदा. डोळ्यांदेखत थापलेली, डोळ्यांदेखत भाजलेली.

ही म्हणाली, "वरन काऊन नाई घेतलं?"

"भूक नाही."

८ सप्टेंबर

वर्धा. एकटा गेलो. हिला मुद्दाम घरी ठेवलं, व्हरांड्यातली बोलणी नकोत.

पट्टा. फुगा. "हं." मग म्हणाले, "गुरुजी, आधीपेक्षा वर गेलंय. मीठ खाता का चोरून?"

मी म्हणालो, कोणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं? सगळेच खातात." हसले. मग खुर्ची जवळ ओढून विचारतात, "मन उदास असतं का? वाईट स्वप्नं? लोकांबद्दल शंका येतात?"

हे यांना का विचारायचं आहे? मीरानं निरोप पाठवला असेल? कोणाच्या हाती? मी नाही म्हणालो.

"या गोळ्यांनी काहींचं मन जरा खाली जातं. तसं वाटलं तर लगेच या. सर्पगंधा म्हणजे आपल्याकडच्याच झाडाची मुळी, घाबरू नका."

म्हणजे शंका आली तर ती गोळीमुळे, आणि गोळी नाही घेतली तर प्रेशर! बाहेर येऊन बाटली उजेडात धरून बघितली. साध्या गोळ्या दिसतात. सर्पगंधा! नावात साप आहे, आणि म्हणे घाबरू नका. तरी घेतली. मी विज्ञान शिकवणारा माणूस आहे. पाण्याबरोबर गिळली आणि रस्ताभर पोटाकडे लक्ष ठेवून बसलो.

१२ सप्टेंबर

हिरालालच्या दुकानात गुळासाठी गेलो. गल्ल्यावर बसून पान चघळत होता. तसा गोड बोलतो तो, फार गोड.

"आइये गुरुजी! तब्येत कशी आहे? चेहरा उतरला तुमचा."

"छान आहे."

"छानच राहो. बाकी तुमच्या वस्तीनं औंदा मले खुश केलं बरं का. नारळाचं पोतं दसऱ्याच्या आंधीच खतम! नवं मांगवलं."

कानातून वाफ निघाली माझ्या. "कोण घेऊन जातं?"

"आता गुरुजी, गिऱ्हाइकाचं नाव दुकानदारानं सांगाचं असते का?" आणि हसला. हसताना पानाची थुंकी गिळली.

बाई आहे का, एवढं तरी सांग म्हणालो. "बायाच येते ना सौद्याले. मानूस कोठी येते?"

गूळ तिथंच विसरून आलो. रस्त्यात दोनदा थांबून मनगट धरलं. नाडी अशी उडत होती! इथंच पडलो तर हिरालालच्या दुकानासमोर पडेन, आणि तोच सगळ्यांना सांगेल — तब्येत छान आहे म्हणाला होता.

१३ सप्टेंबर

व्हायचं ते झालं. आज बोललो. बोललो कसला, ओरडलो. डॉक्टरांनी संतापायचं नाही म्हणून सांगितलेलं सगळं विसरलो, शाळेतली भाषाही विसरलो.

"माह्यासाठी मातामायले नारळ फोडून राह्यली काय तू?"

"नाई."

"मंग दुपारची कोठी मरते?"

तिनं परात पुढे ओढली.

"करोट्या कोठून येते चुलीत? आज बी होती एक! मले आंधया समजली काय?"

"मी नाई फोडला नारळ."

"घे शपथ!"

तेव्हा कुठे तिनं मान वर केली. "कोनाची घेऊ? देव तं तुमी डोहात टाकले."

ती शांतपणे परातीतलं पीठ मळत होती. मग म्हणाली, "कमला व्हाच्या आंधीपासून तुमच्या घरात हावो मी. ईश्वास नसन तं नका ठेऊ." आमची लेक कमला आता आष्टीला सासरी नांदते, तिला एक पोर आहे. म्हणजे किती वर्षांचं झालं हे घर. तरी मी म्हणालो, नाहीच विश्वास!

बोलल्यावर लगेच कळलं, हे बोलायला नको होतं. पण परत कसं घेणार? मी खरा आहे. करवंट्या खऱ्या आहेत.

१६ सप्टेंबर

घरात आवाज नाही. ताट वाढते, समोरून उठून जाते. मी भाकरी कांदा खातो. ती कधी जेवते मला दिसत नाही.

१९ सप्टेंबर

अण्णाजी म्हणाले, दसऱ्याच्या कार्यक्रमात भाषण नका करू, तब्येत सांभाळा. काळजी? की मी बोलू नये असं कोणाला वाटतंय? यंदा दीक्षेचा पहिलाच वर्धापन दिन. मी नाही बोललो तर वस्ती म्हणेल, गुरुजी संपला. बोलता बोलता घोळणा फुटला तर? सगळ्यांसमोर, पांढऱ्या सदऱ्यावर?

म्हणजे बोललो तरी धोका, नाही बोललो तरी धोका. भाषण लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीला मनगट धरून बसलो.

२२ सप्टेंबर

आज स्वतः गेलो. रविवार होता. ही नेहमीसारखी दुपारी निघाली. तिला पुढे जाऊ दिलं आणि नाल्याच्या बाजूनं लांबून वळसा घातला. म्हटलं, आज रंगेहाथ पकडतो. काय होईल ते होवो, छाती फुटली तर फुटो.

नाल्याकडच्या बाजूनं वर चढलो तर लिंबाखाली ही नाही. तानबा! अनवाणी, डोक्यावरचं फडकं काढून ठेवलेलं, हातात नारळ. दगडावर आपटणार एवढ्यात मी दिसलो. नारळ तसाच धरून उभा राहिला.

खाली बघितलं. शेंदूर ताजा. नारळाच्या शेंड्यांचा ढीग, काही जुन्या, काही आजच्या. एका माणसाचं हे काम नाही.

"तानबा! तू?"

"जय भीम, गुरुजी," म्हणतो. हातात नारळ आणि तोंडानं जय भीम!

मी तोंडाला येईल ते बोललो. शपथ घेतली होती ना? हात वर केला होता ना? म्हातारा ऐकत राहिला. माझा दम संपला तेव्हा म्हणाला, "झालं? बसा आता. तुमाले उभं राहाचं नाई सांगतलं डाक्टरनं."

बसलो.

"तुमी म्हनलं होतं ना गुरुजी, काई झालं तं आंधी मले होईन? सगळ्यायदेखत म्हनलं. मंग झालं. आमच्या वाटचं तुमी अंगावर घेतलं. आता आमी काय पायत बसाचं? मी घरासाठी नाई फोडला नारळ. माह्या टाकासाठी नाई आलो. तुमच्यासाठी आलो."

"सगळे येतात?"

"सगळे. मनकर्णाबाई, तिची सून, वरच्या आळीचे. एक घर नाई सुटलं." मग थांबून म्हणाला, "एक सुटलं. तुमचं."

"म्हणजे?"

"वैनी नाई आली ना. आमी लय सांगतलं. तुमी बायको हावा, तुमचा नारळ पयले पायजे म्हनलं. नाई म्हन्ते. वरतून रोज दुपारी थ्या तिकडच्या वाटेवर बसते आन आमाले वापस धाडते. म्हन्ते, त्यायले कयलं तं जीव सोडतीन. आज तिले चुकवून मी बी इकडूनच आलो, नाल्यानं. परसाद तुमच्यासाठी घरी देल्ला तं नाई म्हनत नाई, घेते बिचारी. पन खोबरं बकरीले चारते आन करोट्या चुलीत घालते. मनकर्णाबाईनं पाह्यलं."

नंतर तानबा किती तरी बोलत होता. "दवा तुमी घ्या, नारळ आमी फोडतो. दोनी चालू द्या ना गुरुजी, बिघडते काय?" असं काहीतरी. मला धड ऐकू येत नव्हतं.

मी एवढा हुशार! कोण काय लपवतंय, कोण कोणाला काय सांगतंय, सगळं बारीक बघत होतो. सगळ्या वस्तीत एकटी जी शपथेला धरून होती, तिच्याच हातचं वरण मी बोटानं चाचपून बघितलं. "नाहीच विश्वास" म्हणालो तिला!

परतताना साध्या वाटेनं आलो. ती वाटेवर दगडावर बसलेली होती, डोक्यावर पदर, मांडीवर तेच रिकामं टोपलं. मला ठाण्याच्या बाजूनं येताना बघून पांढरी पडली. "तुमी कोठी गेलते?" आता तिच्या डोळ्यांत संशय! मला एकदम हसू आलं आणि मग रडूच आलं. भर वाटेवर. गुरुजी माणूस.

घरी विचारलं, मला सांगितलं का नाही?

"सांगतलं असतं तं पेशर वाढलं असतं तुमचं. डाक्टर म्हने, काई मनाले लागलं का नस फुटन. आन कोनाकोनाचं नाव सांगू? तुमच्या जिवासाठीच करून राह्यले थे."

म्हणजे व्हरांड्यात डॉक्टर हे सांगत होते.

"तुला भीती नाही वाटली? एक नारळ फोडावासा नाही वाटला?"

"रोज वाट्टे." भाकरी उलटली तिनं. "पन मी बी हात वर करून शपथ घेतलती. तुमच्या मांगं नाई, बाजूले हुबी होती मी."

जेवलो. वरण दोनदा घेतलं. अळणी होतं.

२४ सप्टेंबर

आता नवीनच डोक्यात शिरलंय. मेलो तर मातामायनं मारलं. बरा झालो तर मातामायनं तारलं! दोन्हीकडून तिचीच जीत. गोळ्यांचं नाव कोणीच घेणार नाही. शहाणा माणूस करतो तरी काय?

मीराला म्हणालो. ती म्हणाली, "तुमी बरे तं व्हा आंधी. मंग भांडू तिच्यासंगं."

३ ऑक्टोबर

दसरा. भाषण केलं. लिहिलेलं बाजूला ठेवलं. एवढंच सांगितलं — माझं नाक फुटलं, रक्त ओकलं नाही. मला रक्तदाब आहे. तो कोणालाही होतो, देव ठेवणाऱ्यालाही आणि सोडणाऱ्यालाही. मी या गोळ्या खातो, मीठ खात नाही. बाटली हातात धरून सगळ्यांना दाखवली. माझ्यासाठी कोणी नारळ फोडू नका, त्यापेक्षा मला राग येईल असं वागू नका.

हसले सगळे. टाळ्याही वाजवल्या. तानबानं सगळ्यात जोरात मान हलवली. मला त्याचा मुळीच भरवसा नाही. कार्यक्रम संपल्यावर शेंदराचं बोट आहे का म्हणून त्याचे हात बघितले. धुतलेले होते.

घोळणा फुटला नाही.

९ ऑक्टोबर

वर्धा. मीराला बरोबर नेलं. माझं प्रेशर उतरलं — या वेळी आकडासुद्धा सांगितला! मीरा बाकावर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. डॉक्टर म्हणाले, या बाई, तुमचंही बघू. तिच्या दंडाला पट्टा बांधला. मग परत बांधला. माझ्यापेक्षा वर आहे. पहिल्या दिवशी माझं होतं त्याच्याही वर. डोकं कधीपासून दुखतं विचारलं तर म्हणाली, "ह्यायचं नाक फुटलं तवापासून. मी काई बोलली नाई, यायले चिंता होते."

सेलूहून तानबाच्या बंडीनं आलो. लिंबापाशी आलो आणि माझे हात जुळले. मी जोडले नाहीत, आपोआप जुळले. तानबा पुढे बघून बैल हाकत होता. मीरानं माझे हात धरून खाली केले, आणि गाव येईपर्यंत सोडले नाहीत.